वर बघ

ठसका लागला तो जरासाच. दुसऱ्या एखाद्या घरात आईनं कणकेतून हातसुद्धा काढला नसता. दैवशाला आंघोळीहून यायच्या आत हरिओमनं उकडलेल्या भोपळ्याची बोटाएवढी फोड लेकीच्या मुठीत दिली होती, आणि दहा महिन्यांची प्रियदर्शनी, घरातली पियू, ती फोड तोंडात कोंबून खॉक्‌ खॉक्‌ करत होती. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर. भोपळा जिभेवरून पुढंच सरकत होता, बाहेरच येत होता, पण दैवशालाला ते दिसलंच नाही. केसांचा टॉवेल वाटेत गळून पडला, तिनं एका हातानं पोरीची हनुवटी वर उचलली आणि दुसऱ्या हातानं टाळूवर थापटायला लागली. "वर बघ, वर बघ, चिमणी बघ, वर बघ!" आवाज तिचाच होता, पण तेहेतीस वर्षांच्या बाईचा नव्हता. आठ वर्षांच्या पोरीचा होता, पातळ आणि वर चढलेला. जालन्याच्या या दोन खोल्यांत तो आवाज याआधी कुणी ऐकला नव्हता. हरिओम तर बघतच राहिला.

"अगं हात काढ!" तो भानावर येऊन ओरडला. "डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं? मान वर करायची न्हाई. खोकून राह्यली ना, मंग तिचं ती काढती. हे बघ, काढलं." पियूनं भोपळ्याचा लगदा खुर्चीच्या फळीवर टाकला, त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं आणि पुन्हा उचलून तोंडात घातला. हरिओम हसला. दैवशाला मात्र मोरीत गेली, नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धूत बसली. हातांना काही लागलेलं नव्हतं.

आपल्याकडं हे कुणी कुणाला शिकवत नाही. ठसका लागला की टाळूवर थापटायचं, फुंकर घालायची, आढ्याला चिमणी नसली तरी दाखवायची, घोटभर पाणी पाजायचं आणि वर हसून विचारायचं, कोण गं आठवण काढतंय, मामा का मावशी? घरोघरी हेच. आजी करते, आई करते, बघून बघून चार वर्षांची पोरगीही भावलीच्या टाळूवर थापटते. दैवशालाही तशीच शिकली होती. फरक एवढाच, की पियूला ठसका लागला की आठवण कोण काढतंय हे तिला पक्कं माहीत होतं. तो मामाच होता. पियूचा थोरला मामा, भारत. वय वर्षं अकरा महिने. पंचवीस वर्षं झाली, तो अकरा महिन्यांचाच आहे.

मागच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या कार्डावरचे ठिपके पेन्सिलीनं जोडून दाखवले होते. रेघ सहा महिन्यांपर्यंत चढत गेली होती, मग थोडी वाकली होती, आणि गेले दोन महिने आडवीच. "खायला काय देता?" बाईंनी विचारलं. दैवशालानं घडाघडा सांगितलं. मुगाचं पाणी, भाताची पेज, नाचणीची पातळ खीर, सफरचंद उकडून, वाटून, गाळून. तिला वाटलं शाबासकी मिळेल. "गाळून?" बाई म्हणाल्या. "आणि हातात काय देता? चावायला?" हरिओमनं तिच्याकडं पाहिलं, मग कार्डाकडं पाहिलं. बाई काही रागावल्या नाहीत, पण सरळच बोलल्या. लेकरू दुसरं काही नाही, भुकेलं आहे. पाण्यावर किती वाढेल? सकाळी तिला तिच्या हातानं खाऊ द्या. बोटाएवढं लांब, आणि चिमटीत धरलं तर चुरडलं पाहिजे इतकं मऊ. रताळं, भोपळा, पिकलेलं केळ, मुगाच्या धिरड्याच्या पट्ट्या, पिवळं पक्कं झालेलं आमलेट. मीठ नको, साखर नको, आणि दाणा कुठलाच अख्खा द्यायचा नाही. "पुढच्या सोमवारी काटा करू. नाही वाढलं तर मात्र भरती करून सगळ्या तपासण्या कराव्या लागतील." मग त्यांनी टेबलावरचा टॉवेल गुंडाळून त्याचं बाळ केलं. खोकल्याचा आवाज येतोय तोवर हात लावायचा नाही. आवाज बंद झाला, रडूही फुटेना, तरच. मग असं हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच वेळा, जोरात. कुणाला तरी लगेच हाका मारायच्या. "करून दाखवा बघू." हरिओमनं दोनदा चुकून मग बरोबर केलं. दैवशालानं पहिल्याच झटक्यात केलं. बाई म्हणाल्या, शाब्बास. आणि तिथं, त्या औषधाच्या वासाच्या खोलीत, तिच्या मनात पहिल्यांदा ते आलं. एवढंच? पाच थापट्या, पाठीवर? टाळूपासून तिथवर अंतर किती, तर एक वीत. अरे देवा, फक्त एक वीत.

तेव्हापासून आठवडाभर ती त्या वितेतच अडकली होती. पोळी लाटताना, रिक्षात बसल्यावर, पियूला पाजताना तिची बोटं पोरीच्या टाळूवरून पाठीवर जात आणि अंगठा ते करंगळी मापून परत येत. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवत होती, आणि रजा संपून येत्या मंगळवारी तिला हजर व्हायचं होतं. तिथंही मधल्या सुट्टीत खिचडी वाढून झाली की ती कधी व्हरांड्यात थांबायची नाही. बाकीच्या बाई म्हणायच्या, मॅडमला पोरांच्या गलक्याचा त्रास होतो. ती वर्गात बसून भिंतीपलीकडून ऐकत असायची. गलका चालायचा, बरं वाटायचं. क्षणभर गलका थांबला की ही उठून दाराशी. कारण खोकणाऱ्या लेकराची भीती तिला कधीच नव्हती. भीती होती ती गप्प झालेल्या लेकराची.

भारत गप्प झाला होता. आधी तर तो हसला होता, हे तिला अजूनही सहन व्हायचं नाही. केदारखेड्यातलं घर, कार्तिकातली सकाळ, माय कापूस वेचायला गेलेली, दादा, म्हणजे वडील, बाजाराला. दैवशालाला शाळा बुडवून घरी ठेवलेलं, भावाला सांभाळायला. तेव्हा सगळ्याच मोठ्या बहिणी तसं सांभाळायच्या, त्यात विशेष काही नव्हतं. ती ओसरीत पाय पसरून बसलेली, पायांच्या मध्ये भारत, परकराच्या ओच्यात भाजलेले शेंगदाणे. ती एक दाणा तोंडात टाकायची, तो तिच्या तोंडाकडं बघायचा. दुसरा टाकायची, तो हात पुढं करायचा. किती वेळ न्हाई म्हणायचं? सकाळपासून तो नुसत्या पेजेवर होता, रडून रडून आत्ता कुठं गप बसला होता. तिनं दाण्याचं टरफल चोळून काढलं, फुंकर मारली, दाताखाली धरून त्याचे दोन भाग केले आणि त्यातली एक डाळ त्याच्या जिभेवर ठेवली. अख्खा दाणा दिला नाही, अर्धाच दिला. यात तिची मायाच होती हो, लहान लेकराला लहान घास. तो चार दातांनी हसला. मग एकदाच खोकला. मग काही नाही. तोंड उघडं, डोळे तिच्याकडं, आवाज नाही. तिनं त्याची हनुवटी वर केली, टाळूवर थापटलं, फुंकर घातली, चिमणी दाखवली. त्या सकाळी आढ्यावर खरंच चिमणी होती. तिनं पाणी पाजलं, ते त्याच्या छातीवरून ओघळलं. आणि तो गुणी पोरगा, वर बघ म्हटलं म्हणून वर बघत राहिला. ओठ जांभळे झाले तरी ती थापटतच होती. जे जे माहीत होतं ते ते सगळं तिनं केलं. शेजारची सोनूबाई आली तेव्हा दैवशाला हुंदके देत अजून चिमणीच दाखवत होती.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यानं आठवायचं. माय रानातून पळत आली, कमरेच्या ओटीतला कापूस वाटभर सांडला होता. ओच्यातले दाणे आपण चुलीत कधी टाकले, तेवढं मात्र तिला आठवायचं नाही. बाया जमल्या. त्याला न्हाऊ घातलं. मग मायनं बाहेर येऊन सांगितलं, पहाटंपासून अंगात ताप व्हता, डोक्यात गेला. सगळे म्हणाले, तापच. दादाही म्हणाले, तापच. दैवशालाला कुणी काही विचारलं नाही. तिनं वाट पाहिली, त्या दिवशी, महिन्याभरानं, पुढच्या उन्हाळ्यात. कुणीच विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर कसं द्यायचं हे तिला कळेना. त्यानंतर त्यांच्या शेतात भुईमूग कधी पेरला गेला नाही, रानडुकरं उकरतात म्हणून. दोन वर्षांनी कल्याण झाला, घरात पुन्हा पाळणा हलला आणि भारतचं नाव पेटीच्या तळाला जाऊन बसलं. कल्याण मोठा झाला, चार महिन्यांपूर्वी पियूच्या उष्टावणाला मामा म्हणून त्यानंच सोन्याच्या अंगठीनं खिरीचं बोट चाटवलं. सगळे टाळ्या वाजवत होते. दैवशाला त्या बोटाकडं बघत होती. खीर होती, पातळ होती, तिनंच गाळली होती.

शनिवारी हरिओमनं फोन करून सासूला बोलावून घेतलं. बायकोला विचारलं नाही, सरळ केला फोन. "मामी, तुम्ही या. ही लेकराला खाऊ देत न्हाई. मी दिलं की हिसकून घेती. माझं डोकं चालंना." चतुराबाई दुपारच्या गाडीनं भोकरदनच्या रस्त्यानं आल्या, हातात पिशवी, पिशवीत सालीच्या मुगाची डाळ आणि वेलावरून काढलेला लाल भोपळा. आल्या आल्या नातीला मांडीवर घेतलं, तिचं मनगट चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई बाई, ही तर नुसती पेजंवरची भावली! तुमची डॉक्टरीणबाई बराबर बोलती, जावईबापू. आमच्यात भाकरीचा पापुद्रा द्यायचो आपुन हातात. चघळीत बसायचं लेकरू दुपारपत्तोर." हरिओमला भलतंच बरं वाटलं. दैवशाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "माय, तिला काही देऊ नको," ती म्हणाली. "मी करून ठेवलंय सगळं. तेवढंच पाज." चतुराबाईंनी लेकीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

रविवारी हरिओमला एमआयडीसीत सकाळची पाळी होती, तो सहालाच गेला. दैवशालाला जाग आली ती तव्यावरच्या वासानं. मूग, जिरं, थोडं तूप. क्षणभर तिला छान वाटलं, माहेरी असल्यासारखं, आणि दुसऱ्या क्षणी ती धावली. पियू खुर्चीत बसलेली, पुढच्या फळीवर मुगाच्या धिरड्याच्या पट्ट्या, बोटाएवढ्या लांब, बरोबर डॉक्टरीणबाईनं सांगितल्यासारख्या. एक पट्टी तोंडात, दुसरी मुठीत, गालावर, भुवईवर पिवळं पीठ. पोरगी चघळत होती. ठसका नव्हता, खोकला नव्हता, काही नव्हतं, निवांत चघळत होती. आणि त्या निवांतपणानंच दैवशालाचं डोकं फिरलं. तिनं पोरीचं तोंड दाबून उघडलं, आत बोट घातलं आणि घास खरवडून बाहेर काढला. पियू आधी चकित झाली आणि मग असं काही रडायला लागली, की असं रडणं त्या घरात कधी झालं नव्हतं. भुकेलं लेकरू, तोंडातला घास काढून घेतलेला. ते आणखी कसं रडणार!

"काय करून राह्यलीस गं?" चतुराबाई उलथनं हातात घेऊन उभ्या राहिल्या. "वैरीण हायेस का तिची? तोंडातलं काढती?"

"माय, भारतला मी शेंगदाणा दिल्ता."

निघून गेलं तोंडातून. पंचवीस वर्षं तिनं हे वाक्य किती प्रकारे जुळवलं होतं, रडत, पाया पडत, चिठ्ठीत लिहून. आणि निघालं ते असं, दाराला टेकून, हातावर लेकीचा उष्टा लगदा घेऊन. "ताप नव्हता त्याला. मी दिला. अर्धा दिला. त्याच्यानं गेला तो. मी नुसती टाळूवर थापटत बसले, माय. पाठीवर मारायचं असतं. मला म्हाईत नव्हतं."

चतुराबाईंनी गॅस बंद केला. तव्यावरचं धिरडं काढून ताटात ठेवलं. खाली बसल्या आणि सुरीनं त्याच्या पट्ट्या करायला लागल्या, मान वर न करता. दैवशालाला वाटलं, ऐकलंच नाही. किंवा ऐकलं, आणि आता ही उठेल, पिशवी उचलेल आणि गाडीला जाईल. जाऊ दे, गेली तरी चालेल, असंही तिला वाटलं. पियू रडून रडून उचक्या देत होती.

"मला म्हाईत हाय," चतुराबाई म्हणाल्या.

"काय म्हाईत हाय?"

"दाण्याचं. न्हाऊ घालताना सापडली मला डाळ. तोंड पुसाया बोट घातलं, तर जिभंच्या मागं लागली." सुरी चालूच होती, पट्ट्या एकसारख्या पडत होत्या. "सोनूबाई पाणी ओतीत व्हती. मागं बाया बसल्या व्हत्या, तुझी आत्या व्हती. एकीला जरी दिसली असती ना, तर तुला मधी घेऊन बसल्या असत्या सगळ्या. काय दिलंस गं, का दिलंस गं. जलमभर इचारलं असतं. सासरी सुदिक सांगत आल्या असत्या. आठ वर्साची व्हतीस तू. केसात लिखा व्हत्या तुझ्या."

"मग?"

"मंग काय? टाकायची कुठं? मोरीत टाकली तर दिसंल, पदराला बांधली तर दिसंल. माझ्या तोंडात घातली आन् गिळली."

खालच्या रस्त्यानं भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. दैवशाला दारातून सरकत खाली बसली. ज्या आईला फसवल्याच्या ओझ्याखाली ती पंचवीस वर्षं वाकली होती, त्या आईनंच सगळ्या गावाला फसवलं होतं, आणि ते तिच्यासाठी. ताप आईचा होता. पहाटेपासूनचा म्हणून सांगितलेला, कुणी वाद घालू नये म्हणून. भुईमूग न पेरणंही आईचंच होतं. तिला आता एकदम ती संध्याकाळ आठवली, कधी आठवली नव्हती ती. चूल पेटवायची नव्हती, शेजारून भाकरी आली होती, आणि माय, जिचं लेकरू दुपारीच नेलं होतं, ती भाकरी दुधात कुस्करून तिला स्वतःच्या हातानं भरवत होती. घास घास करून. तिला जात नव्हतं, तरी माय हनुवटी धरून बसली होती. गिळ बाई, गिळ, म्हणत होती.

"मला का न्हाई सांगितलंस?" ती म्हणाली. "एकदा तरी, माय. मी मोठी झाल्यावर तरी."

"सांगितलं असतं तर तू जेवली असतीस का?" चतुराबाईंनी आता मान वर केली. डोळे कोरडे होते. "एक गेलं व्हतं, बाई. दुसरं उपाशी मारायचं व्हतं का मला? आन् तू लेकीला मारून राह्यलीस आता. दे तिला. मी न्हाई देत, तू दे. तुझ्या हातानं दे."

पियूनं रडणं थांबवलं होतं, ती आजीच्या ताटाकडं बघत होती आणि पिठाळ हात पुढं करत होती. दैवशालानं ताटातली एक पट्टी उचलली. चिमटीत धरून दाबली, चुरडली. तरी दुसरी उचलून तीही दाबून पाहिली. मग तिसरी तिनं पोरीच्या मुठीत ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. पियूनं चावा घेतला. हिरड्या हलायला लागल्या, गाल इकडून तिकडं झाला. दैवशाला गळ्याकडं बघत होती, त्या एवढ्याशा गळ्याकडं, आणि तिला वाटत होतं आपला श्वास आता कायमचाच थांबणार. गळा हलला. घास गेला. पियूनं पुढचा चावा घेतला. मग आणखी एक. तिच्या पोटात जात होतं काहीतरी, न गाळलेलं, आईच्या हातून पहिल्यांदाच, आणि दैवशालाला रडू फुटलं. भीतीचं नव्हतं ते. तिला भारतसाठी रडू आलं. इतकी वर्षं ती त्याला नुसती भीत आली होती, त्याच्यासाठी रडायची सवडच तिला मिळाली नव्हती. चार दातांचा होता. भूक लागली होती त्याला.

चतुराबाईंनी तिला थोपटलं नाही, गप हो म्हणाल्या नाहीत. पियूची दुसरी पट्टी संपली तेव्हा दैवशालानं तोंड पुसलं आणि विचारलं, "माय, तुला कसं गं गेलं ते गळ्याखाली?"

"कुठं गेलंय अजून," चतुराबाई म्हणाल्या, आणि उरलेलं पीठ तव्यावर घालायला उठल्या.